एन-मिक्श्चर मॉडेल बसवताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

एकाच जागी पुन्हा पुन्हा जाऊन प्राणी-पक्षी मोजायचे आणि त्या आकड्यांवरून तिथे खरोखर किती असावेत याचा अंदाज बांधायचा, या कामासाठी एन-मिक्श्चर मॉडेल सर्वाधिक वापरलं जातं. नव्याने सुरुवात करणाऱ्यांकडून त्याबद्दल जे प्रश्न सतत येतात, ते इथे एकत्र केले आहेत. सगळं काम आर या संगणकभाषेत होतं असं धरलं आहे. तिच्यातल्या फंक्शन आणि पॅकेजची नावं उच्चाराप्रमाणे दिली आहेत. कोडमध्ये अर्थातच मूळ स्पेलिंग लागेल. घाई असली तरी प्रश्न २ वाचल्याशिवाय पुढे जाऊ नका. नंतरच्या बहुतेक अडचणींचं मूळ तिथेच सापडतं.

१. एन-मिक्श्चर मॉडेल म्हणजे काय? साधं पॉइसन रिग्रेशन का पुरत नाही?

जागेवर असलेले सगळे प्राणी मोजणाऱ्याला दिसत नाहीत. त्यामुळे वहीत उतरतो तो आकडा दोन गोष्टींचा मिळून बनलेला असतो: तिथे किती होते आणि त्यातले किती नजरेस पडले. अँड्र्यू रॉयल यांनी २००४ मध्ये मांडलेलं हे मॉडेल या दोन गोष्टींना दोन पायऱ्या देतं. पहिल्या पायरीवर प्रत्येक जागेची खरी संख्या, म्हणजे एन, ही लॅम्डा सरासरी असलेल्या पॉइसन वितरणातून येते. दुसऱ्या पायरीवर, एन मधला प्रत्येक प्राणी एका फेरीत दिसण्याची शक्यता पी असते, म्हणून त्या फेरीची मोजणी ही एन आणि पी यांची बायनॉमियल असते.

साधं पॉइसन रिग्रेशन लॅम्डा आणि पी यांच्या गुणाकारालाच संख्या समजतं. पी सगळीकडे सारखाच असेल तर जागांची आपसातली तुलना त्यातूनही बरोबर निघते, आणि तेवढंच हवं असेल तर साधं मॉडेल वापरण्यात काहीही कमीपणा नाही. पण दाट झाडीत प्राणी जास्त असतात आणि दिसतात मात्र कमी, अशा ठिकाणी हे दोन परिणाम एकमेकांना खाऊन टाकतात आणि झाडीचा काही प्रभावच नाही असा निष्कर्ष हाती येतो. अशा वेळी पायऱ्या वेगळ्या कराव्याच लागतात.

२. आकडा एकच आहे, मग त्यातून लॅम्डा आणि पी वेगळे कसे निघतात?

एका फेरीच्या आकड्यांतून निघतच नाहीत. लॅम्डा १० आणि पी ०.२ घ्या, किंवा लॅम्डा ४ आणि पी ०.५ घ्या. दोन्हीकडे फेरीची सरासरी मोजणी २ येते, आणि दोन्हीकडे एका फेरीच्या मोजण्यांचं वितरण अगदी तेच, म्हणजे २ सरासरीचं पॉइसन, असतं. हजार जागांवर एकेक फेरी केलीत तरी या दोहोंतलं खरं कोणतं ते कळणार नाही.

फरक दिसतो तो एकाच जागेच्या दोन फेऱ्या शेजारी ठेवल्यावर. पी मोठा असेल तर पहिल्या फेरीत जास्त दिसलेल्या जागेवर दुसऱ्या फेरीतही जास्त दिसतात. पी लहान असेल तर प्रत्येक फेरीत दिसणं नशिबावर जातं आणि दोन फेऱ्यांचा मेळ बसत नाही. हे नुसतं ढोबळ म्हणणं नाही. पॉइसन-बायनॉमियल मॉडेलमध्ये एकाच जागेच्या दोन फेऱ्यांच्या मोजण्यांमधला सहसंबंध नेमका पी इतका असतो: सहप्रसरण (कोव्हेरियन्स) लॅम्डा गुणिले पी चा वर्ग, प्रसरण (व्हेरियन्स) लॅम्डा गुणिले पी, आणि त्यांचा भागाकार पी. वरच्या उदाहरणात एकीकडे सहसंबंध ०.२ येईल आणि दुसरीकडे ०.५. मॉडेलला जे काही कळतं ते इतकंच.

म्हणजे हे मॉडेल प्राणी दिसण्याची शक्यता थेट कधीच मोजत नाही. ते फेऱ्यांमधला मेळ वाचतं आणि त्याला पी म्हणतं. म्हणून मेळ दुसऱ्या कारणाने वाढला तर पी फुगतो आणि संख्येचा अंदाज घटतो. दुसऱ्या कारणाने मेळ बिघडला तर पी घसरतो आणि संख्या फुगते. जागाजागांतला न नोंदवलेला फरक मेळ वाढवतो. फेऱ्यांमधलं येणं-जाणं, दुहेरी मोजणी, एखाद्या दिवशीचं धुकं हे सगळं मेळ बिघडवतं. मॉडेलने दिलेला कोणताही विचित्र आकडा समोर आला की मी सगळ्यात आधी हाच विचार करतो: माझ्या डेटात फेऱ्यांचा मेळ कशाकशाने ठरला असेल?

३. किती जागा आणि किती फेऱ्या लागतील?

फेऱ्या किमान दोन. त्यापलीकडे सगळ्यांना लागू पडेल असा आकडा नाही, कारण उत्तर पी वर अवलंबून आहे. पी ०.३ असेल तर तीन फेऱ्यांत एखादा प्राणी एकदा तरी दिसण्याची शक्यता सुमारे ०.६६ असते. पी ०.१ असेल तर ती ०.२७ वर येते आणि मॉडेलला वाचायला फारसं काही उरत नाही. कमी पी वर जागा वाढवण्यापेक्षा फेरी वाढवणं किंवा मोजण्याची पद्धत सुधारणं बहुधा जास्त कामाचं ठरतं.

नेमकं उत्तर हवं असेल तर प्रत्यक्ष मोजणीला उतरण्यापूर्वी खोटा डेटा तयार करा. 'आरपॉइस' ने जागांचे एन काढा, 'आरबायनॉम' ने त्यांतून फेऱ्यांच्या मोजण्या काढा, मॉडेल बसवा, आणि हे दोनशे वेळा करून पाहा की तुम्ही ठरवलेला लॅम्डा परत मिळतो का. दहा-पंधरा ओळींचा हा कोड नवशिक्याने लिहावा असा माझा आग्रह आहे. मॉडेल स्वतः घडवल्यावर ते जितकं समजतं तितकं कुठल्याही स्पष्टीकरणाने समजत नाही.

४. माझ्याकडे एका ओळीत एक नोंद अशी लांब यादी आहे. ती कशी मांडू?

मॉडेलला तक्ता आडवा हवा असतो: ओळ म्हणजे जागा, स्तंभ म्हणजे फेरी, चौकटीत मोजणी. 'पिव्हट-वायडर' ने यादी आडवी करता येते, पण इथेच सगळ्यात महागडी चूक होते. बहुतेक नोंदवह्यांत जे दिसलं तेवढंच लिहिलेलं असतं. फेरी झाली आणि प्राणी दिसला नाही, तर त्या फेरीची ओळच यादीत नसते. यादी आडवी केली की अशा जागी रिकामी चौकट, म्हणजे 'एनए', येते. पण 'एनए' चा अर्थ आहे आपण गेलोच नाही. गेलो आणि दिसला नाही याला शून्य म्हणतात. शून्यांचे 'एनए' झाले तर मॉडेलला फक्त यशस्वी फेऱ्या दिसतात आणि सगळा अंदाज बिघडतो.

उपाय: झालेल्या फेऱ्यांचा एक स्वतंत्र तक्ता ठेवा, त्यात प्रत्येक जागा, तारीख, निरीक्षक. प्राण्यांची यादी त्याला जोडा आणि फेरी झालेली असूनही नोंद नसेल तिथेच शून्य भरा. उलट, प्रत्येक 'एनए' ला डोळे झाकून शून्य करू नका. त्याने न झालेल्या फेऱ्याही झाल्या ठरतात.

खरोखर न झालेल्या फेऱ्यांचे 'एनए' मॉडेलला चालतात. सगळ्या जागांवर सारख्या फेऱ्या असण्याची गरज नाही.

५. साइट कोव्हेरिएट आणि फेरीचे कोव्हेरिएट यात फरक काय?

कोव्हेरिएट म्हणजे संख्येवर किंवा दिसण्यावर परिणाम करू शकेल अशी नोंदवलेली गोष्ट. उंची, झाडीचं प्रमाण अशा गोष्टी जागेबरोबर बदलतात, फेऱ्यांमध्ये नाही. त्या 'साइट-कोव्ह्ज' मध्ये, जागेला एक ओळ अशा. तारीख, वारा, निरीक्षक या गोष्टी फेरीगणिक बदलतात. त्या 'ऑब्स-कोव्ह्ज' मध्ये जातात. त्यांच्यासाठी मोजणीच्याच आकाराचे तक्ते एका लिस्टमध्ये घालून द्या. एकच लांब स्तंभ देण्याचीही सोय आहे, पण मग क्रम 'पहिल्या जागेच्या सगळ्या फेऱ्या, मग दुसऱ्या जागेच्या' असा लागतो. आर मात्र तक्ता उलगडताना स्तंभामागून स्तंभ असा उलगडतो. हा क्रम उलटा झाला तर एररही येत नाही, उत्तर फक्त चुकतं. म्हणून तक्त्यांची लिस्टच वापरा.

मोजणी आहे पण त्या फेरीचं कोव्हेरिएट नाही, असं असेल तर ती मोजणी गणितातून वगळली जाते. जागेचं कोव्हेरिएट नसेल तर पूर्ण जागाच जाते. मॉडेलांची तुलना करताना याने घोळ होतो (प्रश्न ११).

६. कोणतं पॅकेज घेऊ आणि पहिलं मॉडेल कसं लिहू?

आर मधलं 'अनमार्क्ड'. इयन फिस्क आणि रिचर्ड चँडलर यांनी २०११ मध्ये त्याची ओळख करून देणारा लेख लिहिला आणि आजही नवशिक्यासाठी ते सर्वांत सोयीचं आहे. आधी 'अनमार्क्डफ्रेम-पीकाउंट' ने मोजण्या आणि कोव्हेरिएट एका डब्यात घाला, मग तो डबा 'पीकाउंट' ला द्या.

'पीकाउंट' चं सूत्र दोन भागांचं असतं आणि त्याचा क्रम लक्षात ठेवायलाच हवा: पहिल्या टिल्डनंतर (~ या चिन्हानंतर) पी चं सूत्र, दुसऱ्या टिल्डनंतर लॅम्डाचं. 'टिल्ड तारीख, टिल्ड उंची' याचा अर्थ तारखेने दिसणं बदलतं आणि उंचीने संख्या बदलते. सुरुवातीची मूल्यं देण्यासाठी 'स्टार्ट्स' वापराल तेव्हा मात्र क्रम उलटा आहे, तिथे लॅम्डाचे गुणांक आधी येतात.

पहिलं मॉडेल कोव्हेरिएटविना बसवा, दोन्ही टिल्डपुढे फक्त १. ते चाललं की एकेक कोव्हेरिएट घाला. थेट सहा कोव्हेरिएटचं मॉडेल टाकून मग एरर शोधत बसलेले लोक मला रोज भेटतात.

सरावासाठी पॅकेजमध्येच 'मॅलार्ड' हा डेटा आहे: स्वित्झर्लंडमधल्या पक्षीगणनेतल्या २३९ जागा, ३ फेऱ्या, जागेची उंची, झाडी आणि मार्गाची लांबी, फेरीची तारीख आणि मोजणीला दिलेले श्रम. आपला डेटा घालण्यापूर्वी त्यावर एकदा सगळं चालवून पाहा.

७. उत्तरात ऋण आकडे आले आहेत. संख्या ऋण कशी?

ते आकडे लिंक स्केलवरचे आहेत. लॅम्डाला लॉग लिंक असते, पी ला लॉजिट. लॅम्डाचा इंटरसेप्ट १.२ असेल तर 'एक्स्प' घेऊन सुमारे ३.३ प्राणी. पी चा इंटरसेप्ट उणे १ असेल तर 'पी-लॉजिस' घेऊन सुमारे ०.२७. लॉजिटवर ० म्हणजे ०.५, हे लक्षात ठेवलं की तक्त्यावर नजर टाकताच अंदाज येतो. लॅम्डाच्या बाजूचा गुणांक उणे ०.४ असेल तर कोव्हेरिएट एक एककाने वाढल्यावर संख्या ०.६७ पट होते.

'बॅकट्रान्सफॉर्म' कोव्हेरिएट असलेल्या मॉडेलवर थेट चालत नाही. त्याऐवजी 'प्रेडिक्ट' वापरा, 'टाइप' मध्ये लॅम्डासाठी 'स्टेट' आणि पी साठी 'डिट'.

८. 'के' काय असतं? मी दिलं नाही तर काय होतं?

खरा एन आपल्याला ठाऊक नसल्यामुळे मॉडेल प्रत्येक जागेसाठी एन च्या सगळ्या शक्य किमतींवर बेरीज करतं. ही बेरीज कुठेतरी थांबवावी लागते. ती जिथे थांबते तो 'के'. तुम्ही दिला नाहीत तर 'अनमार्क्ड' सगळ्यात मोठी मोजणी अधिक १०० इतका घेतं.

तपासणी सोपी आहे: 'के' दुप्पट करून मॉडेल पुन्हा बसवा. अंदाज आणि एआयसी (मॉडेलांची तुलना करणारा आकडा, जितका कमी तितका बरा) जागचे हलले नाहीत तर 'के' पुरेसा आहे. 'के' वाढवाल तसा लॅम्डाही वाढत जात असेल तर तो 'के' चा दोष नाही. डेटा लॅम्डाला वरून बांधून ठेवत नाही आहे आणि आत्तापर्यंतचं उत्तर तुम्ही दिलेल्या 'के' मुळेच तिथे थांबलं होतं. डेनिस, मॉर्गन आणि रिडाउट यांनी २०१५ मध्ये हेच दाखवलं: पी कमी आणि फेऱ्या थोड्या असताना लॅम्डाचा अंदाज खरोखर अनंताकडे जाऊ शकतो, आणि दोन फेऱ्यांमधलं सहप्रसरण शून्य किंवा ऋण येणं ही त्याची खूण आहे. प्रश्न २ मधला मेळच शिल्लक नसेल तर पी शून्याकडे आणि संख्या अनंताकडे सरकणारच. अशा डेटावर मॉडेल सोडून द्या. छोटा 'के' निवडून सुबक आकडा मिळवणं म्हणजे आपणच उत्तर लिहून देणं आहे.

९. हेसियन सिंग्युलर असल्याचा इशारा येतो, किंवा स्टँडर्ड एरर 'एनएएन' येतात. काय करू?

दोन्हींचा अर्थ एकच, मॉडेलला ठाम उत्तर सापडलेलं नाही. बहुतेक वेळा कारण अगदी साधं असतं: कोव्हेरिएट प्रमाणित केलेले नसतात. उंची १८०० आणि झाडी ०.३ असं एकत्र दिलं की ऑप्टिमायझर वाट चुकतो. प्रत्येक सलग कोव्हेरिएटमधून सरासरी वजा करा आणि स्टँडर्ड डेव्हिएशनने भागा.

त्याने काम झालं नाही तर पाहा: एखाद्या गटात सगळ्याच मोजण्या शून्य आहेत का (मग त्या गटाचा गुणांक उणे अनंताकडे पळतो), दोन कोव्हेरिएट जवळपास एकच गोष्ट सांगत आहेत का, आणि जागांच्या मानाने गुणांक फार झालेत का. साध्या मॉडेलचे गुणांक 'स्टार्ट्स' मध्ये देऊन मोठं मॉडेल बसवणंही उपयोगी पडतं. स्टँडर्ड एरर दिसतो आहे पण तो ४० आहे, असं असेल तर इशारा आला नसला तरी ते मॉडेल बसलेलं नाही.

१०. पॉइसन, निगेटिव्ह बायनॉमियल की झिप (जादा शून्यांना जागा देणारं पॉइसन)? एआयसी तर निगेटिव्ह बायनॉमियल घ्या म्हणतं.

इथे एआयसीचं मुकाट्याने ऐकू नका. निगेटिव्ह बायनॉमियल जागाजागांतल्या जादा विखुरलेपणाला जागा देतं, म्हणून ते डेटाला जवळून बसतं आणि एआयसी घटतो. पण तसं करताना ते प्रश्न २ मधला आधारच सैल करतं. पॉइसनमध्ये फेऱ्यांच्या मेळाला एकच स्पष्टीकरण होतं, पी. आता दुसरं मिळालं: काही जागा मुळातच भरलेल्या आणि काही ओस, म्हणून मेळ. मग पी जवळपास शून्य असला तरी मेळ राहू शकतो, आणि पी शून्याकडे घसरला की लॅम्डा आकाशाला भिडतो. एआयसीने जिंकलेलं मॉडेल जिथे पाच प्राणी असतील तिथे दोनशे सांगतं, असा अनुभव अनेकांना येतो.

मार्क केरी यांनी २०१८ मध्ये पक्ष्यांच्या डेटाचे कितीतरी संच तपासले, तेव्हा ही अस्थिरता पॉइसन आणि झिपमध्ये जवळपास नव्हती आणि निगेटिव्ह बायनॉमियलमध्ये वारंवार आढळली. म्हणून माझा क्रम असा: आधी जागांचा फरक समजावणारी कोव्हेरिएट शोधा, मग पॉइसन. शून्यं फार असतील आणि काही जागा त्या प्राण्याला अयोग्यच असतील, तर झिप. निगेटिव्ह बायनॉमियल घेतलंच तर 'के' ची तपासणी (प्रश्न ८) चुकवू नका आणि पी चा अंदाज प्रत्यक्ष मोजणीतल्या अनुभवाशी ताडून पाहा.

११. मॉडेल बरं बसलं आहे की नाही, कसं कळेल?

एआयसी फक्त तुमच्या यादीतल्या मॉडेलांची आपसात तुलना करतो. सगळीच वाईट असतील तर त्यातल्या त्यात बरं दाखवतो. शिवाय तुलनेतली सगळी मॉडेलं त्याच जागा आणि त्याच मोजण्यांवर बसलेली हवीत. प्रश्न ५ मधल्या 'एनए' मुळे एका मॉडेलमधून चार जागा गळल्या तर ती तुलना रद्द.

बसण्याची तपासणी 'पारबूट' ने करा: बसलेल्या मॉडेलमधून खोटे डेटा काढून, खऱ्या डेटाचा काय-स्क्वेअर त्यांच्यात कुठे पडतो ते पाहायचं. 'एआयसीसीमॉडएव्हीजी' पॅकेजमधलं 'एनमिक्स-जीओएफ-टेस्ट' हेच करून सी-हॅटही देतं, म्हणजे डेटा मॉडेलच्या अपेक्षेपेक्षा किती पट विखुरलेला आहे तो आकडा. सी-हॅट १ च्या आसपास असेल तर ठीक. थोडा वर असेल तर स्टँडर्ड एरर त्याच्या वर्गमुळाने वाढवतात. ४ च्या वर गेला तर मॉडेलची रचनाच चुकते आहे. आधी थोडे सिम्युलेशन घेऊन कोड चालतो का पाहा, मग हजार घ्या.

तपासणी पार झाली म्हणजे एन बरोबर, असं मात्र नाही. बार्कर आणि सहकाऱ्यांनी २०१८ मध्ये दाखवलं की नुसत्या मोजण्यांवरून हे मॉडेल आणि पी च्या अर्थाशी संबंध नसलेली दुसरी मॉडेलं यांत फरक करणं कठीण असतं. पी बद्दल बाहेरचा पुरावा, जसं खुणा केलेले प्राणी, अंतराच्या नोंदी किंवा दोन स्वतंत्र निरीक्षक, थोड्या जागांवर जरी मिळाला तरी तो शंभर तपासण्यांपेक्षा मोलाचा आहे.

१२. 'प्रेडिक्ट' केल्यावर संख्या लाखांत येते. का?

नव्या डेटात कोव्हेरिएट मूळ एककात दिलंत आणि मॉडेल प्रमाणित एककात बसवलं होतंत. उंचीची सरासरी ६०० आणि डेव्हिएशन २०० असेल तर ८०० उंचीसाठी १ द्यायचा, ८०० नव्हे. आणि हे ६०० आणि २०० मूळ डेटाचेच हवेत. नकाशावरच्या चौकोनांना 'स्केल' पुन्हा लावलं तर त्यांची स्वतःची सरासरी वजा होते आणि उत्तर शांतपणे चुकतं. म्हणून प्रमाणित करण्यापूर्वी दोन्ही आकडे जपून ठेवा.

हे ठीक असूनही आकडे फुगत असतील तर बघा की तुम्ही डेटाच्या कक्षेबाहेरचा अंदाज तर मागत नाही ना. लॉग लिंकमुळे कक्षेबाहेर चढ फार वेगाने होतो.

१३. एकच कोव्हेरिएट लॅम्डा आणि पी दोन्हीकडे घातलं तर चालेल?

चालेल, आणि कित्येकदा घालायलाच हवं. झाडी संख्याही बदलते आणि दिसणंही. मॉडेल दोन्ही परिणाम वेगळे काढू शकतं, कारण एक मोजण्यांच्या पातळीत दिसतो आणि दुसरा त्यांच्या मेळातही. फक्त त्यासाठी डेटा भरपूर लागतो, आणि दोन गुणांकांचे अंदाज विरुद्ध दिशांना एकमेकांना ओढतात.

१४. एन म्हणजे माझ्या मोजणीच्या वर्तुळातली संख्या ना? क्षेत्रफळाने भागून घनता काढू का?

सावकाश. मॉडेल धरून चालतं की फेऱ्यांच्या काळात जागेवरचे प्राणी तेच राहतात, कोणी येत-जात नाही. फेऱ्या एकाच हंगामात, जवळजवळ घेतल्या तर जन्म-मृत्यूचा प्रश्न मिटतो, पण फिरणं उरतं. पक्ष्याचा वावर तुमच्या वर्तुळापेक्षा मोठा असेल तर तो कधी आत असतो, कधी बाहेर. मग एन म्हणजे त्या काळात वर्तुळ वापरणारे सगळे, एका क्षणी आत असलेले नव्हेत, आणि पी मध्ये 'आत असण्याची शक्यता' ही मिसळते. अशा एन ला वर्तुळाच्या क्षेत्रफळाने भागलं तर घनता हमखास जास्त येते.

जागांचं क्षेत्रफळ वेगवेगळं असेल तर लॅम्डाच्या सूत्रात क्षेत्रफळाच्या लॉगचा 'ऑफसेट' घाला. घनताच हवी असेल तर प्रत्येक प्राण्याचं अंतर नोंदवा आणि 'डिस्टसॅम्प' कडे वळा.

१५. एकाच फेरीत तोच प्राणी दोनदा मोजला गेला असेल तर? कॅमेरा ट्रॅपचं काय? थव्यांचं?

दुहेरी मोजणी या मॉडेलला सोसत नाही. बायनॉमियलमध्ये मोजणी एन च्या वर जाऊच शकत नाही, त्यामुळे दोनदा मोजलेला प्राणी मॉडेलच्या लेखी दोन वेगळे प्राणी असतात. शिवाय त्याने फेऱ्यांमधली चढउतार वाढते, मेळ बिघडतो, पी घसरतो आणि एन आणखी फुगतो. विल्यम लिंक आणि सहकाऱ्यांनी २०१८ मध्ये दाखवलं की थोड्याशा दुहेरी मोजणीनेही अंदाज बराच ढळतो आणि प्रश्न ११ मधल्या तपासण्यांना ते पकडता येत नाही. उपाय मोजणीच्या वेळीच आहे: फेरी छोटी ठेवा, शंका आली तर तो आधीचाच प्राणी आहे असं समजा.

कॅमेऱ्यासमोरून एकच प्राणी रात्रीत सहा वेळा गेला तर सहा फोटो म्हणजे सहाची मोजणी नव्हे. एका चौकटीत एकाच वेळी दिसलेली सर्वाधिक संख्या घेणं त्यातल्या त्यात बरं, नाहीतर प्रश्न १८ चा मार्ग.

थव्यातला एक दिसला की सगळे दिसतात, म्हणून 'प्रत्येक प्राणी स्वतंत्रपणे दिसतो' हे गृहीतक कोसळतं. प्राण्यांऐवजी थवे मोजा, एन ला थव्यांची संख्या समजा आणि थव्याचा आकार वेगळा हाताळा.

१६. पाच वर्षांचा डेटा आहे. सगळ्या फेऱ्या एकाच ओळीत टाकू?

नाही. वर्षावर्षांत एन बदलतो. सोपा मार्ग: प्रत्येक जागा-वर्ष जोडीला वेगळी ओळ द्या आणि लॅम्डाच्या सूत्रात वर्ष घाला. त्याच जागा पुन्हा येत असल्याने स्टँडर्ड एरर जरा जास्तच आशावादी येतात. 'अनमार्क्ड' च्या नव्या आवृत्त्यांत जागेचा रँडम इफेक्ट घालून ते सुधारता येतं. तगून राहणं आणि नव्याने येणं वेगवेगळं हवं असेल तर डेल आणि मॅडसन यांचं २०११ चं मॉडेल 'पीकाउंट-ओपन' मध्ये आहे, पण ते हळू चालतं आणि त्याला पुष्कळ डेटा लागतो.

१७. जॅग्जमध्ये (बेझियन मॉडेलं बसवणारा प्रोग्रॅम) तेच मॉडेल लिहिलं, तर 'नोड इनकन्सिस्टंट विथ पेरेंट्स' म्हणतं.

सुरुवातीचा एन मोजणीपेक्षा लहान पडला. दोन प्राणी असताना पाच दिसणं अशक्य, म्हणून जॅग्ज थांबतं. प्रत्येक जागेचा सुरुवातीचा एन त्या जागेच्या सर्वांत मोठ्या मोजणी अधिक १ इतका द्या. 'एनए' वगळून 'मॅक्स' काढा, आणि एखाद्या जागेवर सगळेच 'एनए' असतील तर तिथे येणारा उणे अनंत हाताने बदला.

आर मधून येणाऱ्यांना जॅग्जच्या आणखी तीन गोष्टी नडतात. 'डीबिन' मध्ये आधी पी येतो, मग एन. 'डीनॉर्म' चा दुसरा आकडा डेव्हिएशन नसून प्रिसिजन असतो, म्हणजे ०.०१ लिहिलं की डेव्हिएशन १०. आणि लॉजिट स्केलवर एवढा रुंद प्रायर (डेटा पाहण्याआधी धरलेलं वितरण) 'काहीच न सांगणारा' नसतो, तो पी ला ० आणि १ च्या टोकांना ढकलतो. पी वर सरळ ० ते १ चा युनिफॉर्म द्या आणि लॉजिट त्यातून काढा. लॅम्डा आणि पी एकमेकांना बांधलेले असल्याने साखळ्या हळू मिसळतात. आर-हॅट, म्हणजे साखळ्या एकमेकींशी जुळल्या का ते सांगणारा आकडा, १.१ च्या खाली येईपर्यंत चालू द्या.

१८. आमच्याकडे मोजणी नाही, फक्त दिसला किंवा नाही दिसला. संख्या काढता येईल?

काही प्रमाणात. जिथे प्राणी जास्त तिथे निदान एक दिसण्याची शक्यता जास्त, या धाग्यावर रॉयल आणि निकोल्स यांनी २००३ मध्ये मॉडेल बांधलं. 'अनमार्क्ड' मध्ये ते 'ऑक्यू-आरएन' नावाने आहे. पण जागाजागांत दिसण्याचा फरक फक्त संख्येमुळेच पडतो असं ते धरतं, म्हणून त्याचा एन जागांची तुलना करण्यापुरता वापरा.

१९. अडकलो तर मदत मागताना काय पाठवू?

चालवून पाहता येईल असा छोटा कोड. स्वतःचा डेटा देता येत नसेल तर प्रश्न ३ प्रमाणे खोटा डेटा, 'सेट-सीड' सह. संपूर्ण एरर जशाचा तसा, चित्र काढून नव्हे तर मजकूर म्हणून. 'सेशन-इन्फो' चं आउटपुट. आणि जे लोक विसरतात ते: जागा किती, फेऱ्या किती, मोजण्यांची बेरीज किती, शून्यं किती, आणि तुम्हाला शेवटी कोणत्या प्रश्नाचं उत्तर हवं आहे. 'मॉडेल चालत नाही' एवढ्यावर कोणी काही सांगू शकत नाही. पण हे चार आकडे दिलेत तर पुष्कळदा कोड न उघडताच अडचण सांगता येते.

२०. प्रत्येक जागी एकच फेरी झाली आहे. काहीतरी मार्ग असेल ना?

कोव्हेरिएटच्या आधारे एका फेरीतूनही पी वेगळा काढणारी मॉडेलं आहेत, पण ती लिंक फंक्शनच्या नेमक्या आकारावर टेकलेली असतात. क्नापे आणि कॉर्नर-नीवरगेल्ट यांनी २०१५ मध्ये दाखवलं की तो आकार जरा बदलला तरी संख्येचा अंदाज बदलतो, आणि कोणता आकार खरा हे डेटा सांगू शकत नाही. मी त्या वाटेला जाण्याचा सल्ला देत नाही.

त्याआधी फेरीच्या आत काही नोंदलं गेलंय का ते शोधा. दहा मिनिटांच्या मोजणीत प्रत्येक पक्षी कितव्या मिनिटाला पहिल्यांदा आढळला ते लिहिलेलं असेल तर ती रिमूव्हल पद्धत झाली, 'मल्टिनॉम-पॉइस' वापरा. अंतर लिहिलं असेल तर 'डिस्टसॅम्प'. दोन निरीक्षकांनी कोणते पक्षी कोणाला दिसले ते वेगवेगळं टिपलं असेल तर तेही पुन्हा 'मल्टिनॉम-पॉइस' मध्ये बसतं. यातलं काहीच नसेल तर साधं पॉइसन रिग्रेशन करा, निष्कर्षात 'संख्या' न लिहिता 'मोजणी' लिहा, आणि पुढच्या हंगामात निदान निवडक जागांवर दुसरी फेरी ठेवा.